"साथीला गरीब-श्रीमंत कळत नाही" म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यावं?

निखिल_बडोदेकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. परवा वाडीत मामाकडे सत्यनारायण होता. प्रसाद झाल्यावर गप्पा फिरत फिरत कोविडवर आल्या. मामा म्हणाला, "व्हायरसला कुठे गरीब-श्रीमंत कळतो? आमच्या सोसायटीचे चेअरमन गेले. घरात काय कमी होतं त्यांच्या?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी आतेबहीण नर्स आहे. ती एवढंच म्हणाली, "मामा, तुम्ही वॉर्ड आतून पाहिला नाहीत," आणि उठून भांडी आवरायला गेली.

मला तिच्या बाजूने बोलायचं होतं, पण हातात काही नव्हतं. २०२१ मध्ये मी बारावीत होतो, मास प्रमोशन मिळालं, माझ्या डोक्यात तेवढंच राहिलंय. तर विचारायचं असं की, सरकारी गलथानपणामुळे आणि लोकांच्या परिस्थितीतल्या फरकामुळे जास्त माणसं गेली, हे ठामपणे म्हणता येतं का? की साथच एवढी मोठी होती की कोणीही आलं असतं तरी तेच झालं असतं? पक्षांची भांडणं नकोत. आपल्या बडोद्यातलं, गुजरातमधलं कोणी सांगितलं तर मामालाही पटेल.

केदार_मांजलपूर

मामांचं बरोबर आहे. इटली, अमेरिका बघा. तिथे काय कमी होतं? इथे १४० कोटी लोक. आपल्या डॉक्टरांनी दिवसरात्र एक केले आणि आता घरी बसून दोष काढायचे. माझा मोठा भाऊ खासगी दवाखान्यात होता. आधी डिपॉझिट, मग रोजचं बिल, इंजेक्शनं वेगळी. पैशाला मागेपुढे पाहिलं नाही. तरी गेला. त्यामुळे पैसा असला की माणूस वाचतो हे मला कोणी शिकवू नये.

सुनंदा_रावपुरा

केदारभाई, भावाचं वाचून फार वाईट वाटलं. पैसेवालेही गेले यात वाद नाही. पण निखिलचा प्रश्न "कोणी वाचलं का" असा नाहीये. कोण जास्त गेलं आणि का गेलं, असा आहे. त्याबद्दल मी जे जवळून पाहिलं ते सांगते. लांबेल, सांभाळून घ्या.

मी सहकारी बँकेतून क्लार्क म्हणून रिटायर झाले. फॉर्म भरणं माझ्या हातचा मळ. सुप्रीम कोर्टाने कोविडमध्ये गेलेल्यांच्या घरी ५० हजार द्यायला लावले (निकाल जून २०२१चा, रक्कम ऑक्टोबरात ठरली) तेव्हा आमच्या पोळीतल्या (म्हणजे गल्लीतल्या) बायका कागद घेऊन यायला लागल्या. मग आजूबाजूच्या फळियातल्याही (मोहल्ल्यातल्याही) आल्या. तो सगळा हिवाळा मी दुपारी ओटल्यावर बसून त्या सहायचे, म्हणजे सरकारी मदतीचे, फॉर्म भरले.

लागायचं काय? मरणाचा दाखला, आरटीपीसीआरचा रिपोर्ट किंवा दवाखान्याचे कागद, तलाठ्याकडचा पेढीनामा (वंशावळ), बाकीच्या वारसांची संमती सोगंदनाम्यावर (प्रतिज्ञापत्रावर), आणि बँकेचा कॅन्सल चेक. वाचायला सोपं वाटतं.

जुन्या पादरा रोडच्या, म्हणजे सुखवस्तू वस्तीतल्या, एक बाई आल्या होत्या. ट्रान्सपरंट खिशांची फाइल, त्यात एचआरसीटी (छातीचा स्कॅन), रोजच्या तपासण्या, बिलं, डॉक्टरांनी कारण लिहून दिलेला फॉर्म, सगळं तारखेवार. माझं काम पंधरा मिनिटांत संपलं. संक्रांतीच्या आधी त्यांच्या खात्यात पैसे जमा.

त्याच दुपारी सूरसागरच्या बाजूला ज्यांच्या नवऱ्याची सेवउसळीची लारी (हातगाडी) होती त्या बाई आल्या. दुधाच्या पिशवीत कागद. त्यात स्मशानातली लाकडांची पावती, मरणाचा दाखला, आणि मुलाच्या मोबाइलमध्ये एक फोटो. शेजाऱ्याने आणलेलं ऑक्सिमीटर, बोट काळपट, आकडा ७१. ताप आला तेव्हा माणसाने टेस्ट करून घेतली नव्हती. का? पॉझिटिव्ह आलं की दारावर पाटी लागते, लारी बंद, आणि घरात पाच तोंडं. एका खोलीत पाच जण, वेगळं राहायचं कुठे? चौथ्या दिवशी रात्री श्वास लागला तेव्हा रिक्षात घालून निघाले. पहिल्या ठिकाणी खाट नव्हती, दुसऱ्याने डिपॉझिट सांगितलं, तिसऱ्याच्या फाटकात माणूस संपला. दवाखान्यात दाखलच झाला नाही, म्हणजे दवाखान्याचा कागद नाही. टेस्ट नाही, म्हणजे रिपोर्ट नाही. आणि मरणाच्या दाखल्यावर मरणाचं कारण छापलेलंच नसतं, ते वेगळ्या फॉर्मवर डॉक्टर लिहितो, तोही डॉक्टरने उपचार केले असतील तरच. मी पेन हातात घेऊन बसले आणि भरायला काही नव्हतं.

हा माणूस सरकारी हिशोबात कोविडने गेलेलाच नाही. आणि असे फक्त लारीवाले होते, रोजंदारीवाले होते, घरकाम करणाऱ्या बायका होत्या. जुन्या पादरा रोडवरून असा एकही कागद माझ्याकडे आला नाही.

आता आकडे. गुजरात सरकारच्या यादीत कोविडचे मृत्यू साधारण १० हजार. जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे जे आलं त्यात गुजरातेत सहायसाठी ८९ हजारांवर अर्ज आणि त्यातले ६८ हजारांवर मंजूर. मंजूर म्हणजे सरकारनेच कागद तपासून पैसे द्यायचे ठरवले. ते ६८ हजारसुद्धा माझ्या बाईसारख्यांना वगळून आहेत. तेव्हा "मेलेल्यांत श्रीमंत किती, गरीब किती" हे सरकारी आकड्यावरून काढायला गेलात तर गरिबांचा भाग कमीच दिसणार, कारण त्या यादीत यायलाच आधी टेस्ट, खाट आणि कागद लागतो. निखिल, मामाला सोसायटीचे चेअरमन आठवतात आणि लारीवाला आठवत नाही, त्यालाही कारण थोडंफार हेच.

हरी_मास्तर

सुनंदाताईंनी नेमकं सांगितलं. मी जरा मागे जातो, सवय जात नाही.

१९१८चा इन्फ्लुएंझा. युद्धावरून येणाऱ्या जहाजांबरोबर जूनमध्ये मुंबईत आला, सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली तीच खरी मारक. हिंदुस्थानात किती गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटीपर्यंत आहेत. १९११ ते १९२१ हे जनगणनेतलं एकच दशक, ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महाग, अंगात आधीच काही उरलेलं नाही.

पण निखिलला हवं ते मुंबई शहराच्या नोंदींत आहे. तिथे धर्म-जातवार मृत्यू लिहिले गेले. हजारी प्रमाण युरोपियनांत ८.३, पारश्यांत ९, सवर्ण हिंदूंत १९च्या आसपास, आणि ज्यांना तेव्हा खालच्या जाती म्हणत त्यांच्यात ६१.६. शहर एकच, हवा एकच, जंतू एकच. फरक होता तो चाळीतल्या खोलीत माणसं किती, पाणी कुठून येतं, आणि आजारी पडल्यावर कामावर न जाणं परवडतं का, याचा.

आपल्या गावाचा संदर्भ द्यायचा तर, त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९१७ मध्ये, डॉ. आंबेडकर इथे सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते. परदेशात शिकून आलेल्या, दरबारच्या पगारी माणसाला बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं तेव्हा कमाटी बागेत जाऊन बसले, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून आपण दाखवतो. राजा सयाजीरावांसारखा, आजव्याचं तळं बांधून शहराला पाणी आणणारा, शिक्षण सक्तीचं करणारा. तरी गावाच्या मनात जे होतं ते होतंच. त्यांनाच छप्पर मिळत नव्हतं तर ज्यांच्या हातात ना डिग्री ना नोकरी, त्यांच्या वस्तीत साथ शिरल्यावर काय होत असेल?

आणि हे जुनं झालं असं समजू नका. २०२४ मध्ये सायन्स ॲडव्हान्सेस या शोधपत्रिकेत एक अभ्यास आला, आपल्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतल्या घरांच्या माहितीवर. २०१९ ते २०२० या एका वर्षात अपेक्षित आयुष्य किती घटलं? उच्च जातीच्या हिंदूंत १.३ वर्षं, अनुसूचित जातींत २.७, जमातींत ४.१, मुस्लिमांत ५.४. बायकांचं पुरुषांपेक्षा एक वर्ष जास्त घटलं, जे बहुतेक देशांच्या उलट आहे. केंद्र सरकारने तो अभ्यास अमान्य केला, हेही सांगायला हवं. पण अमान्य करताना आपला जातवार आकडा पुढे ठेवला असता तर बोलायला जागा होती.

केदार_मांजलपूर

मास्तर, १०० वर्षांपूर्वीचे इंग्रज वेगळे. त्यांना आपल्या माणसांशी घेणंदेणं नव्हतं. आणि ताई, ते अर्ज वगैरे... ५० हजार मिळतात म्हटल्यावर कोण अर्ज करणार नाही? दिव्य भास्कर पेपरनेही तेव्हा छापलं होतं मरणाच्या दाखल्यांचं, ७१ दिवसांत १ लाख २३ हजार दाखले म्हणून. अहो एका माणसाच्या चार-चार कॉप्या काढतात. बँकेला एक, विम्याला एक. दाखला म्हणजे मृत्यू नव्हे. आणि सरकार चुकलं चुकलं म्हणताय, तर नेमकं काय चुकलं ते सांगा ना.

धनश्री_कारेलीबाग

मी नेहमी फक्त वाचते, पण आज लिहिते. मी त्या काळात कोविड वॉर्डात ड्यूटी केली आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही.

आमच्याकडे शहरातले पेशंट यायचे आणि छोटाउदेपूर, दाहोद, पंचमहालकडचेही. शहरातला, अल्कापुरीसारख्या सुखवस्तू भागातला पेशंट यायचा तेव्हा ऑक्सिजन ९२, ९०. घरात ऑक्सिमीटर, फॅमिली डॉक्टर फोनवर, स्टेरॉइड वेळेत चालू झालेलं. आतल्या गावातला माणूस यायचा तेव्हा ६५, ६०. आधी गावातल्या डॉक्टरने बाटली चढवली, मग तालुक्याला, तिथे ऑक्सिजन नाही म्हणून जीप करून बडोद्याला. स्ट्रेचरवर घेतानाच कळायचं. आम्ही दोघांना औषध तेच दिलं, नळी तीच लावली. एक घरी गेला, एक नाही. चार्टवर दोघांचं निदान सारखंच.

शुगर, बीपीचंही तसंच. ज्याला आपल्याला शुगर आहे हे वॉर्डात पहिल्यांदा कळलं, असे कितीतरी. मग कागदावर मरणाचं मुख्य कारण डायबेटिस किंवा हार्ट लिहिलं जायचं आणि तो कोविडच्या यादीतून बाहेर. आधी दवाखाना नाही म्हणून शुगर वाढलेली, आणि शुगर वाढलेली म्हणून कोविडमध्ये नाव नाही.

सुनंदा_रावपुरा

धनश्री, बरं झालं लिहिलंस गं.

केदारभाई, कॉप्यांचा मुद्दा बरोबर आहे, तो मी धरूनच चालते. पण कॉप्या लोक आदल्या वर्षीही काढत होते. त्याच १ मार्च ते १० मेमध्ये २०२० साली दाखले होते ५८ हजार. थोडा फरक लॉकडाउनमध्ये कचेऱ्या बंद होत्या त्याचाही असेल. पण दुपटीहून जास्त? आणि त्या दिवसांत सरकारचा कोविडचा आकडा होता ४,२१८. स्मशानात तेव्हा कोण गेलं नव्हतं? खासवाडीला रात्रभर जळत होतं ते तुम्हीही पाहिलं असेल.

नेमकं काय चुकलं? मला जे पक्कं ठाऊक आहे तेच लिहिते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये महापालिकेच्या निवडणुका. १४ तारखेला निझामपुऱ्याच्या सभेत तेव्हाचे मुख्यमंत्री विजय रूपाणी स्टेजवरच चक्कर येऊन पडले, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट पॉझिटिव्ह. ते बरे झाले, चांगलंच झालं, त्यांच्यावर माझा राग नाही. पण राज्याचा प्रमुख आपल्या गावात स्टेजवर पडतो आणि तरी मतदान ठरल्या तारखेला होतं, मार्चमध्ये अहमदाबादेत मोटेरा स्टेडियमवर हजारो प्रेक्षकांपुढे क्रिकेट होतं, यावरून वर काय समजूत होती ते कळतं. साथ संपली, अशी.

ऑक्सिजन. साथ येऊन सहा-सात महिने झाल्यावर, ऑक्टोबर २०२० मध्ये, केंद्राने सरकारी दवाखान्यांत हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या प्लांटचं टेंडर काढलं. १६२ प्लांट, खर्च २०१ कोटी, म्हणजे एखाद्या उड्डाणपुलाइतका. एप्रिल २०२१च्या मध्याला बसले होते ३३. धनश्रीने लिहिलेला तालुक्याचा दवाखाना आठवा. खासगी मोठ्या हॉस्पिटलला टँकर मागवता येतो, तालुक्याला असा प्लांट हाच आधार. मग जुलैमध्ये राज्यसभेत उत्तर आलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी काही वेगळं कळवलेलं नाही!

अहमदाबादचं १०८चं, म्हणजे सरकारी ॲम्ब्युलन्सचं प्रकरण. १०८मधून आलात तरच कोविड हॉस्पिटलात घेणार, स्वतःच्या गाडीने, रिक्षाने आलात तर नाही. आणि १०८ला तासन्‌तास वेटिंग. हायकोर्टाने कान उपटले तेव्हा, एप्रिलच्या शेवटी, नियम मागे घेतला. असा नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण माणूस असेल याचा मी खूप विचार केला.

लस. १८ ते ४४ वयाच्यांना मे २०२१ मध्ये आधी ॲपवर नाव नोंदवायला लावलं, आणि ते ॲप तेव्हा इंग्रजीत. आमच्या पोळीतली पोरं स्लॉट पकडायला मोबाइल घेऊन बसायची आणि खेड्यातल्या केंद्रावर शहरातली गाडी जाऊन टोचून यायची. सुप्रीम कोर्टाने विचारल्यावर जूनमध्ये हिंदी, मराठी, गुजराती वगैरे आलं.

आणि मास्तर म्हणतात तो इंग्रजांचा काळ, केदारभाई, तुम्ही म्हणता तितका लांब नाही. २०२० मध्ये सरकारने जो साथरोग कायदा वापरला तो १८९७चाच, प्लेगच्या वेळचा. चार-पाच कलमं. सरकारला अधिकार, न ऐकणाऱ्याला शिक्षा, अधिकाऱ्याला संरक्षण. सरकारने लोकांना काय द्यायचं, खाट, औषध, पोटाला अन्न, यावर त्यात अवाक्षर नाही. २४ मार्चला रात्री ८ वाजता सांगून १२ वाजता देश बंद केला, तो मात्र २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली.

मोठी साथ होती, मान्य. सगळे वाचले नसते, तेही मान्य. पण पेरूसारख्या देशाने मे २०२१ अखेर आपणहून पुन्हा मोजलं आणि आकडा ६९ हजारांवरून १ लाख ८० हजारांवर नेला. त्या देशाची हालत आपल्यापेक्षा काही चांगली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या दोन वर्षांच्या जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाख दिला, सरकारी आकडा होता ४ लाख ८० हजारांच्या घरात. आपल्या सरकारने पद्धतच चुकीची म्हणून मोडीत काढलं. बरं, चुकीची असेल. मग तुमची मोजणी करा. ती केली की कुठल्या तालुक्यात, कुठल्या वस्तीत जास्त गेले ते बाहेर येतं, आणि पुढच्या वेळी प्लांट कुठे आधी बसवायचा हे ठरतं. मला त्या ५० हजारांपेक्षा याचं जास्त वाटतं.

निखिल_बडोदेकर

काकू, मास्तर, धनश्रीताई, खूप आभार. हे सगळं मामाला फॉरवर्ड करतोय, बघू काय म्हणतो. काकू, त्या सेवउसळीवाल्या बाईंचा अर्ज मग केलाच नाही का?

सुनंदा_रावपुरा

केला की. नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने गुजरात सरकारला झापलं होतं, सहायसाठी वेगळी चौकशी समिती नेमून लोकांना फिरवतात म्हणून. त्यानंतर नियम ढिले झाले, पण ढिले म्हणजे काय, पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि ३० दिवसांच्या आत मृत्यू असला की पुरे. रिपोर्टच नाही त्याचं काय? मी साध्या कागदावर सगळी हकिगत लिहिली, फोटोची प्रिंट जोडली, शेजाऱ्याची आणि रिक्षावाल्याची सही घेतली. कचेरीतल्या माणसाने वाचलं, "बा, आमां कोविड क्यां छे?" (यात कोविड कुठे आहे?) म्हणाला आणि परत दिलं. तक्रार निवारण समितीकडेही पाठवला, तिथून पुराव्याअभावी नामंजूर. आता थोरला मुलगा लारी चालवतो. उसळ तिखट करतो जरा, पण बरी चालते.

केदारभाई, राग मानू नका, सहज विचारते. तुमच्या वहिनींना सहाय मिळालं का? नसेल तर कागद घेऊन या, अजून काही करता येतं का बघू.

केदार_मांजलपूर

मिळालं ताई. हॉस्पिटलच्या बिलिंगवाल्यानेच सगळे कागद काढून फॉर्म भरून दिला होता, पेढीनामा आमच्या सीएच्या माणसाने करून आणला. वहिनीला फक्त सह्या कराव्या लागल्या. १४० कोटींचं मी म्हटलं ते अजूनही म्हणतोच, पण त्या लारीवाल्यांच्या कागदांचं काही होत असेल तर सांगा, आमच्या सीएला विचारून बघतो.